भोंग्याच्या आधी

धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसलं आणि त्या पाळीत खाली असलेली पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. अडकलेल्यांपैकी जिवंत कुणीच वर आलं नाही. चार वर्षांनी यश चोप्रांचा 'काला पत्थर' आला. सलीम-जावेद यांच्या त्या पटकथेतही भिंत फुटते, पाणी येतं, धावपळ होते. पण अमिताभ बच्चन आणि मंडळी बऱ्याच जणांना वर काढतात. शत्रुघ्न सिन्हा तेवढा खाली राहतो.

मी पटकथा लिहिण्याचं काम करते, त्यामुळे हे असं का झालं असेल ते कुणाला विचारायला जावं लागत नाही. तिकीट काढून तीन तास बसलेल्या प्रेक्षकाला 'कुणीच आलं नाही' असं सांगून घरी पाठवायला फार मोठी छाती लागते, आणि शिवाय दुसऱ्याचा पैसा. दुर्घटनेवरच्या सिनेमाला वाचलेली माणसं लागतात. नसली तर ती लिहावी लागतात.

माझे मामा वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींत सर्व्हेअर होते. आता बल्लारपूरला असतात, गुडघे दुखतात, टीव्ही मोठ्या आवाजात लावतात. खाणीवरचा कुठलाही सिनेमा त्यांच्याबरोबर बघणं म्हणजे सिनेमा न बघणं. पहिल्याच दृश्याला त्यांची हरकत असते. "इतकं काळं कुठं असते वं?" हा ठरलेला प्रश्न. कोळशाची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, म्हणून भूमिगत खाणीत भिंतींवर, जमिनीवर चुनखडीची भुकटी मारतात. येण्याजाण्याच्या वाटांना चुना लावतात. त्यामुळे चालू खाणीचे कित्येक भाग राखाडी-पांढरट दिसतात. सिनेमात मात्र भिंती काळ्याकुळकुळीत, ओल्या, चकाकणाऱ्या, आणि कुठून तरी निळसर उजेड. मी मामांना समजावते, की कॅमेऱ्याला काहीतरी दिसावं लागतं. खऱ्या अंधारात, टोपीवरच्या एका बत्तीच्या उजेडात, पडद्यावर एक हलणारा ठिपका दिसेल आणि लोक प्रोजेक्टर बिघडला म्हणून ओरडतील. मामांना ते पटतं. पण पुढच्या सिनेमाला तोच प्रश्न पुन्हा येतो.

कोळशाच्या खऱ्या खाणीत चित्रीकरण करणं जवळजवळ अशक्यच. मिथेन असलेल्या खाणीत काडेपेटी, विडी, मोबाइल काहीच नेता येत नाही, दारावर झडती होते. तिथे चालणारं प्रत्येक विजेचं यंत्र ठिणगी बाहेर पडणार नाही अशा खास बनावटीचं लागतं. सिनेमाचे दिवे आणि बॅटऱ्या कोण आत नेऊ देणार? म्हणून सेट लावतात किंवा दुसऱ्या जातीची खाण शोधतात. चिलीतल्या सान होसे खाणीच्या दुर्घटनेवर पॅट्रिशिया रिगेन यांनी २०१५ मध्ये 'द ३३' केला, तेव्हा जमिनीखालची दृश्यं कोलंबियातल्या नेमोकोन आणि झिपाकिरा इथल्या मिठाच्या खाणींत घेतली. तांब्या-सोन्याची खाण मिठाच्या खाणीत उभी केली, आणि स्पॅनिश बोलणारे खाणकामगार इंग्रजीत बोलले. या लबाडीबद्दल माझी तक्रार नाही. सिनेमा असाच बनतो.

माझी अडचण वेगळी आहे, आणि ती मामांमुळेच सुरू झाली. दुर्घटनेची गोष्ट कुठून सुरू होते?

सिनेमात ती ठरलेल्या जागी सुरू होते. सकाळ, डबा, बायकोशी अर्धवट राहिलेलं भांडण, हजेरी, माणसांना खाणीत उतरवणारी डोली, मग धमाका, मग भोंगा. भोंगा वाजला की घड्याळ चालू. मी हे सगळं डोळे मिटून लिहू शकते. मामांचं म्हणणं असं, की भोंगा वाजतो तेव्हा गोष्ट संपत आलेली असते.

भूमिगत कोळसा खाणीचा नकाशा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिला. कोळशाच्या थरात बोगदे खणत जातात आणि मध्ये चौकोनी खांब सोडतात, म्हणजे छत उभं राहतं. वरून पाहिलं तर आखीव गावठाणासारखं दिसतं, गल्ल्या आणि घरं, फक्त घरांच्या जागी भरीव कोळसा. काम संपलेले भाग सोडून दिले जातात. वर्षानुवर्षं त्यांत पाणी साठतं. पुढे शेजारच्या किंवा खालच्या थरात नवीन काम सुरू होतं आणि हळूहळू त्या साठलेल्या पाण्याच्या दिशेनं सरकू लागतं. मध्ये किती कोळसा उरलाय, हे डोळ्यांनी कळत नाही. ते फक्त कागदावर कळतं. म्हणून भारतातल्या कोळसा खाणींच्या १९५७ च्या नियमांत असं होतं, की सोडून दिलेल्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, आणि जायचंच तर पुढे लांब भोकं पाडून चाचपत जायचं.

आता हे ६० मीटर मोजायचे कुठून? जुन्या नकाशावरच्या रेघेपासून. आणि ती रेघ खरी असेल तर.

"नकाशा शेवटच्या मोजणीपर्यंतच खरा असते," मामा म्हणाले. मोजणीनंतर महिनाभर कुणी कोळसा काढला आणि मग खाण बंद पडली, तर तो महिना कागदावर नसतो. राष्ट्रीयीकरणाच्या, म्हणजे १९७१ ते ७३ च्या आधीच्या खाजगी खाणींत हद्द ओलांडून कोळसा काढणारे मालक होते. ते चोरीची मोजणी कशाला ठेवतील? उत्तर दिशेत थोडी चूक झाली, वरची दिशा खाणीत नेण्यासाठी खाली उतरवलेल्या लोलकाच्या तारा नीट स्थिर नव्हत्या, तर सगळी खाण कागदावर किंचित फिरते. चार-पाचशे मीटरवर गेल्यावर त्या किंचितचे कित्येक मीटर होतात. हे सगळं वरच्या कचेरीत, पंख्याखाली, कुणाचाही आवाज न चढता घडतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात क्यूक्रीक नावाच्या खाणीत जुलै २००२ मध्ये अगदी हेच झालं. नकाशाच्या हिशेबात शेजारची जुनी सॅक्समन खाण बरीच लांब होती. प्रत्यक्षात कामगारांनी तिच्यातच भोक पाडलं आणि कोट्यवधी लिटर पाणी आत आलं. ९ जण अडकले. वरून ६ इंचांचं एक भोक त्यांच्यापर्यंत नेलं आणि त्यातून दाबाखालची गरम हवा सोडत राहिले, म्हणजे ते बसले होते तिथे पाणी चढणार नाही. मग २२ इंची पिंजऱ्यातून सगळे ९ जण वर आले. त्याच वर्षी, चारेक महिन्यांत, त्यावर टीव्हीचा चित्रपट तयार होता. त्या ९ जणांना कथेच्या हक्कांचे प्रत्येकी दीड लाख डॉलर मिळाले.

हक्कांची गोष्ट मला व्यवसायामुळे जरा जास्तच कळते. सान होसेच्या ३३ जणांनीही आपली गोष्ट कुणी एकट्यानं विकायची नाही, मिळेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं, असा करार आपापसांत केला होता. मला त्या अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. पण करार करायला माणूस जिवंत लागतो. चासनालाच्या माणसांची गोष्ट कुणी कुणाकडून विकत घ्यायची? ती फुकट मिळते, आणि मग तिचं काहीही करता येतं.

सान होसेमध्येही नकाशा होताच. ५ ऑगस्ट २०१० ला डोंगराचा आतला भलामोठा तुकडा खचला आणि रस्ता बंद झाला. वायुवीजनाच्या उभ्या बिळातून वर चढून सुटायचा प्रयत्न झाला, पण तिथे असायला हव्यात त्या शिड्याच नव्हत्या. याच खाणीत आधी माणूस मेला होता, २००७ मध्ये ती बंद झाली होती आणि २००८ मध्ये पुन्हा उघडली. वरून शोधाची भोकं पाडायला घेतली तर ती चुकत गेली. एक कारण सातशे मीटर खाली जाताना ड्रिल वाकतं, आणि दुसरं कारण, खाणीचे नकाशे जुने. खाली ३३ माणसं ड्रिलचा आवाज ऐकत होती, तो जवळ येत होता आणि बाजूनं निघून जात होता. खायला दर ४८ तासांनी दोन चमचे ट्यूना. सतराव्या दिवशी, २२ ऑगस्टला, एक भोक लागलं, आणि ड्रिलच्या टोकाला बांधून वर आलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं की आम्ही ३३ जण आसऱ्याच्या जागी ठीक आहोत. तिथून पुढचं जगानं थेट पाहिलं: एकेका माणसाला वर आणणारी ५४ सेंटिमीटर रुंदीची फेनिक्स कुपी, ६९ दिवस, सगळ्यात शेवटी पाळीचा प्रमुख लुइस उर्सुआ.

सिनेमात ही सुटका आहे, अँटोनियो बांदेरास आहे, शेवटी खरे ३३ जण समुद्रकिनाऱ्यावर दिसतात. बघताना माझा घसा दाटला, नाकारण्यात अर्थ नाही. मामांनी मात्र शिड्यांच्या प्रसंगाला मान हलवली. "याच्यावरच एक पिक्चर होते," म्हणाले. सरकारी वकिलांनी २०१३ मध्ये कुणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला. या ओळीवर पडदा पाडायचा धीर कुठल्या निर्मात्याला होईल?

एका सिनेमाला मात्र मामा गप्प बसले. १३ नोव्हेंबर १९८९ ला पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत जुन्या कामातलं पाणी फुटून आलं. दोनशेच्या वर माणसं खाली होती. बहुतेक निघाली, ७१ अडकली, त्यातली ६ बुडाली. जसवंतसिंग गिल नावाच्या इंजिनिअरनं लोखंडी कुपी बनवून घेतली, २२ इंचांचं भोक पाडायला लावलं आणि पहिल्यांदा स्वतः खाली गेले. १६ नोव्हेंबरला ६५ जण एकेक करून वर आले, गिल सर्वांत शेवटी. ही कुपी जगात नवी नव्हती. जर्मनीत डालबुश खाणीत १९५५ मध्ये ती पहिल्यांदा वापरली, आणि १९६३ मध्ये लेंगेडेच्या लोहखाणीत तिनंच दोन आठवडे अडकलेल्या ११ जणांना बाहेर काढलं. पण राणीगंजला ती हाताशी तयार नव्हती. तिथल्या वर्कशॉपात, घड्याळाकडे बघत, ती जोडावी लागली. गिल यांना १९९१ मध्ये सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. २०१९ मध्ये ते गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये 'मिशन राणीगंज' आला, अक्षयकुमारचा.

त्यातली भोकाची जागा ठरवण्याची दृश्यं मामांनी रिमोटनं मागे नेऊन दोनदा पाहिली. मग मला कागदावर काढून दाखवलं. वाट चार-पाच मीटर रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस मीटरचे भरीव खांब. वरच्या शेतात उभं राहून तुम्हाला तो चार-पाच मीटरचा पट्टा गाठायचाय. चुकलात तर ड्रिल खांबात शिरतं, दिवस फुकट. आणि गाठलात तरी एक पेच आहे. माणसं जर हवेच्या कोंडलेल्या कप्प्यात, पाण्याच्या पातळीखाली बसलेली असतील, तर वरून भोक पडताच हवा सुटते आणि पाणी चढतं. म्हणजे वाचवायला पाडलेलं भोकच बुडवू शकतं. हे ऐकल्यापासून मला कुपीत उतरणाऱ्या माणसाइतकाच धीर शेतात खुंटी ठोकणाऱ्या माणसालाही लागत असेल असं वाटतं. जो नकाशा चुकला म्हणून पाणी आलं, तसल्याच दुसऱ्या नकाशावर विसंबून त्याला खुंटी ठोकायची असते.

पडद्यावर अर्थात खुंटी म्हणजे काहीच नाही. पंपांचंही तेच. खाणीत पाणी भरल्यावर पहिल्यांदा कामाला येतो पंप, आणि पंपाइतका कंटाळवाणा नायक सिनेमाला दुसरा मिळणार नाही. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली, तेव्हा पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही गेली होती. त्यावरच्या सिनेमात पाणबुडे आहेत, आणि ते योग्यच आहे; पाणबुड्याच्या श्वासाचा आवाज येतो, पंपाची फक्त घरघर. त्याच वर्षी डिसेंबरात मेघालयातल्या क्सान इथे उंदीरबिळासारख्या अरुंद कोळसा खाणीत नदीचं पाणी शिरलं आणि १५ मजूर अडकले. किर्लोस्करांचे पंप तिथेही गेले, कोल इंडियाचेही गेले. हाती लागले दोन मृतदेह. त्या खाणीचा नकाशाच नव्हता. अशा खाणकामावर हरित लवादानं २०१४ मध्येच बंदी घातली होती, मग नकाशा कोण काढणार? क्सानवर मोठा सिनेमा आला नाही. येणारही नाही बहुधा.

'मिशन राणीगंज' लागून पाच-सहा आठवडे झाले होते, १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची सकाळ, आणि उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा खचला. खाण नव्हे, पण अडकलेली ४१ माणसं तीच, मजूर, घरापासून लांब. मामांनी सतरा दिवस टीव्ही बंद होऊ दिला नाही. वाहिन्यांवर सिनेमाची दृश्यं आणि खरी दृश्यं इतकी एकमेकांत मिसळली, की मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "हे खरं चालू आहे का पिक्चर आहे?" परदेशी बनावटीचं ऑगर यंत्र मोडलं आणि शेवटचे दहा-बारा मीटर हातांनी खणायला आणली ती उंदीरबिळात काम करणारी माणसं. मेघालयात ज्या कौशल्यावर बंदी होती त्याच कौशल्यानं उत्तराखंडात २८ नोव्हेंबरला ४१ जण बाहेर काढले. अशी कलाटणी मी पटकथेत लिहिली असती, तर दिग्दर्शकानं 'जरा जास्त होतंय' म्हणून खोडली असती.

पुन्हा 'काला पत्थर'कडे येते, कारण एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या सिनेमात खाणीचा मालक आहे, प्रेम चोप्रा. पलीकडे पाणी आहे हे माहीत असून लोभापायी तो काम चालू ठेवायला लावतो. प्रेक्षकांना शिव्या घालायला एक तोंड मिळतं. चासनालाची खाण ज्या कंपनीची होती, तिचं व्यवस्थापन १९७२ पासून सरकारच्या ताब्यात होतं. तिथे प्रेम चोप्रा नव्हता. तिथे परवानग्या होत्या, टिपणं होती, कुणीतरी कुणाच्या तरी सहीवर भरवसा ठेवलेला होता. असल्या गोष्टीला तोंड कसं द्यायचं? खलनायक घातला की सगळं सोपं होतं आणि सगळं खोटंही होतं. नाही घातला, तर मध्यंतरापर्यंत लोक मोबाइल काढतात.

माझ्या डोक्यात गेली काही वर्षं न्यूटन चिकली आहे. छिंदवाड्याजवळच्या पेंच खोऱ्यातली खाण. १० डिसेंबर १९५४ ला तिच्यात पाणी शिरलं आणि ६३ माणसं मेली. तेव्हा हा सगळा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. आजही पेंचच्या सरकारी खाणींचा कारभार नागपुरातूनच चालतो. मामा नोकरीला लागले, तेव्हा चिकलीची आठवण काढणारे जुने लोक खात्यात होते. नव्या पोरानं मोजणीत हलगर्जी केली की ते फक्त गावाचं नाव घेत, रागावत नसत. आमच्याकडे या दुर्घटनेवर मी कधी साधी एकांकिकाही ऐकलेली नाही. नागपूरच्या, चंद्रपूरच्या माणसांनाही ती फारशी ठाऊक नसते.

पण ६३ कुटुंबांच्या दुःखावर मी काल्पनिक कारण कसं चिकटवू? म्हणून माझ्या पटकथेतली खाण रचलेली आहे. नाव, गाव, माणसं, पाणी कुठून आलं ते, सगळं. चिकलीतून घेतली आहे ती फक्त थंडी, सातपुडा आणि काळ. एका निर्मात्याशी बोलणं झालं. भला माणूस, त्यानं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "वाचतात किती?" मी म्हटलं, माझ्या कच्च्या खर्ड्यात कुणी नाही. तो म्हणाला, मग ही सर्व्हायव्हल ड्रामा नाही. बरोबरच आहे त्याचं. मग आठवडाभर मी दोघांना वाचवून पाहिलं. दोघे वाचताच बाकीचे सगळे पार्श्वभूमी झाले. प्रत्येक दृश्य त्या दोघांकडे कलायला लागलं, बाकीच्यांचे संवाद आपोआप छोटे होत गेले. मी ते पुन्हा काढून टाकलं. बघू.

सध्या पहिल्या दृश्यावर अडले आहे. भोंगा नाही, डोली नाही. दुर्घटनेच्या कितीतरी वर्षं आधीची कचेरी. एक सर्व्हेअर ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं हद्दीची रेघ ओढतोय. खालून आलेल्या वहीतला एक आकडा त्याला नीट लागत नाही. पुन्हा खाली जाऊन मोजायला हवं, पण खाण तर बंद झालीय, पंप काढलेत, खाली पाणी भरायला लागलंय. तो घाम पुसतो, टेबलावरचा चहा एका घोटात संपवतो आणि अंदाजानं रेघ पुरी करतो. मला वाटत होतं हे बरं जमलंय. मामांना फोनवर वाचून दाखवलं.

ट्रेसिंग क्लॉथला खळ असते, पाण्याचा थेंब पडला की डाग पडून कापड वाया जातं, असं त्यांनी सांगितलं. घामाजलेल्या हाताखाली सर्व्हेअर कोरडं फडकं ठेवतो. आणि त्या टेबलावर चहा आणणाऱ्या शिपायाला त्या काळी साहेबानं हाकलूनच दिलं असतं. "रेघ चुकीची ओढू दे त्याला," मामा म्हणाले, "पण चहा तिथं ठेवू नको."

चहा आता मी खिडकीत ठेवला आहे. पाहू, त्यावर काय म्हणतात.